चिप्सचा हिशोब: पोकरची मोठी स्पर्धा आतून कशी चालते

(पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मागच्या भागानंतर आर्वीच्या एका पोट्ट्याचा व्हॉइस मेसेज आला. म्हणे, "दादा, तुम्ही गोव्याला पत्त्यांच्या कामात होते असं ऐकलं. ते पोकरच्या मोठ्या स्पर्धा होतात ना, त्या सगळ्या फिक्स असतात का?"

तर आजचा भाग त्याच्यासाठी. आणि थोडासा माझ्या मावसभावासाठी. तो हे ऐकेल की नाही माहीत नाही.

मी मूळचा पुलगावचा. म्हणजे गांधीजींच्या, दारूबंदीच्या जिल्ह्यातला. बी.कॉम. झालो, दोन वर्षं इकडे-तिकडे हात मारले आणि मग एका मित्राच्या सांगण्यावरून गोव्याला गेलो. कॅसिनोत पत्ते वाटण्याचं प्रशिक्षण घेतलं. आधी डीलर, मग पोकर स्पर्धांचा फ्लोअर, असं सहा वर्षं काम केलं. आई नातेवाइकांना सांगायची, "पोरगा मोठ्या हॉटेलात हाये." तिची चूक नव्हती. आपल्याकडे ताशपत्ते म्हटलं की पोळ्याच्या दिवसांतला फड, मांगपत्ता आणि पोलिसांची धाड, एवढंच डोळ्यांसमोर येतं. आपला पोरगा पांढरा शर्ट घालून, कॅमेऱ्याखाली बसून पत्ते वाटतो आणि त्याचा महिन्याला पगार होतो, हे ती चारचौघींत कसं सांगणार?

गोवाच का, आणि पाण्यावर का

आधी कायद्याचं थोडक्यात. महाराष्ट्रात १८८७ चा जुगारबंदीचा कायदा आजही आहे. कॅसिनोसाठी १९७६ साली एक वेगळा कायदा झाला होता, पण तो कधी अंमलात आलाच नाही. तो रद्द करायचं सरकारने २०२३ मध्ये ठरवलं. गोव्यात गोष्ट वेगळी. तिथल्या जुगारबंदी कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या खेळांना वाट मिळाली, आणि १९९६ मध्ये जहाजांवर टेबलावरच्या खेळांना. म्हणून पणजीला मांडवीच्या पात्रात ती दिव्यांनी लखलखणारी जहाजं उभी दिसतात. धक्क्यावरून छोट्या बोटीत बसायचं आणि जहाजावर जायचं. आमची ड्यूटीही तशीच सुरू व्हायची.

पोकर कौशल्याचा खेळ की नशिबाचा, यावर कोर्टांचंही एकमत नाही. रमीत कौशल्य जास्त, असं सुप्रीम कोर्टाने १९६८ मध्ये म्हटलं. पोकरला मात्र गुजरात हायकोर्टाने २०१७ मध्ये जुगारच म्हटलं आणि दुसऱ्या काही हायकोर्टांनी कौशल्याच्या बाजूने कौल दिला. त्या वादात आज मी पडत नाही. मला सांगायचंय ते स्पर्धेच्या व्यवस्थेबद्दल.

चिप म्हणजे पैसा नाही

पोकर दोन तऱ्हेने खेळतात. एक, रोखीचा खेळ. त्यात हजाराची चिप म्हणजे हजार रुपये, वाटेल तेव्हा उठा आणि पैसे घेऊन जा. दुसरी तऱ्हा स्पर्धेची. प्रवेश फी सगळ्यांना सारखी, सुरुवातीला मिळणाऱ्या चिप्सही सगळ्यांना सारख्या. त्या चिप्स बाहेर कुठेच चालत नाहीत. त्या संपल्या की तुम्ही बाहेर. शेवटी ज्याच्याकडे सगळ्या चिप्स येतात तो पहिला. मध्ये कोण कितव्या नंबरवर बाहेर पडला, त्यावर बक्षीस.

एक हिशोब मांडतो, आकडे नमुन्यापुरते. समजा प्रवेश २०,००० रुपये, वर आयोजकाची फी २,०००. तीनशे प्रवेश झाले. बक्षिसांची रक्कम ६० लाख आणि आयोजकाकडे ६ लाख. प्रत्येकाला ३०,००० च्या चिप्स, म्हणजे एकूण चिप्स ९० लाख. हा ९० लाखांचा आकडा लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट त्याच्याभोवतीच आहे.

यात आणखी एक पेच असतो, हमीची रक्कम. आयोजक आधीच जाहिरात करतो, "५० लाखांची हमी." तीनशे आले तर प्रश्न नाही. दोनशेच आले तर जमा होतात ४० लाख, आणि वरचे १० लाख आयोजकाने खिशातून घालायचे. म्हणून किती हमी द्यायची, हे ठरवताना आयोजकाचा खरा कस लागतो. जास्त सांगितली तर बुडाला, कमी सांगितली तर लोक येत नाहीत. आणि सांगितलेली दिली नाही, तर पुढच्या वेळी कुत्रंही फिरकत नाही.

आधीची तयारी

लोकांना वाटतं, टेबलं लावली, पत्ते वाटले, झालं. तसं नाही. एका टेबलावर नऊ जण धरले तर तीनशेंना ३४ टेबलं लागतात. प्रत्येक टेबलाला एक डीलर. पण डीलर सलग बसू शकत नाही. साधारण अर्ध्या तासाने मागून दुसरा येतो, खांद्याला हलकंच बोट लावतो, आणि पहिला उठून पुढच्या टेबलावर जातो. अशी दोन-तीन टेबलं झाली की एक सुट्टी. म्हणजे ३४ टेबलांना ४५ च्या आसपास माणसं पाहिजेत. एकच डीलर एकाच टेबलावर जास्त वेळ राहू नये, यात थकव्याइतकाच ओळखीचाही विचार असतो. ओळख वाढली की शंका वाढते.

मग चिप्स. कोणत्या रंगाच्या किती, ते ठरवायचं. किती काढल्या, किती टेबलावर गेल्या, किती कपाटात राहिल्या, सगळं कागदावर.

मग घड्याळ. पोकरमध्ये प्रत्येक डावाला दोघांना पत्ते बघण्याआधीच सक्तीने चिप्स टाकाव्या लागतात. त्याला ब्लाइंड म्हणतात, एक लहान आणि एक मोठा. ही सक्तीची रक्कम ठरावीक वेळाने वाढते. आमच्याकडे समजा दर ४० मिनिटांनी. सुरुवातीला मोठा ब्लाइंड २०० असेल, तर ३०,००० वाला निवांत असतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तोच ब्लाइंड एक लाख झालेला असतो, आणि कोणी गप्प बसून राहूच शकत नाही. स्पर्धा संपवतं ते हे घड्याळ. आमचा ठोकताळा असा होता की एकूण चिप्स मोठ्या ब्लाइंडच्या वीस-तीस पट राहिल्या की खेळ आटोपतो. म्हणजे ९० लाखांच्या स्पर्धेत ब्लाइंड तीन-चार लाखांवर पोचला की समजायचं, आता शेवट. तिथून मागे मोजत यायचं. चोवीस-पंचवीस टप्पे, चाळीस मिनिटांचे, म्हणजे सोळा-सतरा तास. दोन दिवस. हॉल किती दिवस घ्यायचा, जेवण कितींचं सांगायचं, डीलरांना घरी सोडायला गाडी कधी लावायची, हे सगळं त्या गणितातून निघतं.

टप्पे फार लहान ठेवले तर नुसती लॉटरी होते. फार मोठे ठेवले तर पहाटेपर्यंत संपत नाही, आणि दमलेली माणसं चुका करतात. खेळणारेही आणि आम्हीही.

जागा कोण ठरवतं

फिक्सिंगच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर इथे आहे. तुम्ही कुठे बसायचं ते तुम्ही ठरवत नाही. आम्हीही ठरवत नाही. ओळखपत्र दाखवायचं, २१ वर्षांखालच्याला मुळात प्रवेशच नाही, फी भरायची आणि सोडतीने निघालेली चिठ्ठी घ्यायची. टेबल १७, जागा ४. दोन दोस्त सोबत आले म्हणून सोबत बसत नाहीत.

माणसं बाहेर पडत जातात तशी टेबलं रिकामी होतात. एका टेबलावर नऊ आणि दुसऱ्यावर सहा, असं चालत नाही. कारण सहाच्या टेबलावर ब्लाइंड लवकर-लवकर अंगावर येतो. म्हणून माणूस हलवायचा. कोणता? ज्याची मोठ्या ब्लाइंडची पाळी आता येणार, तो. हा नियमच आहे, फ्लोअरची मर्जी नाही. तसंच टेबल मोडायचं असेल तर कोणतं आधी मोडणार, तो क्रम आधीच ठरलेला. मर्जीला जागा जितकी कमी, तितकं भांडण कमी.

या नियमांमागेही कहाणी आहे. पूर्वी प्रत्येक कॅसिनोचा कायदा वेगळा होता. २००१ मध्ये मॅट सॅव्हेज, लिंडा जॉन्सन, जॅन फिशर आणि डेव्हिड लँब यांनी स्पर्धा चालवणाऱ्यांची एक संघटना उभी केली, टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशन. तिचं नियमपुस्तक आज जगभर बघतात. त्याचा पहिला नियम असा की निर्णय देताना खेळाचं हित आणि न्याय आधी बघायचा, गरज पडली तर शब्दशः नियमाच्याही वर. वाचायला सोपं वाटतं. रात्री दोन वाजता दोन तापलेल्या माणसांच्या मध्ये उभं राहून ते करायचं म्हणजे काय, हे करणाऱ्यालाच ठाऊक.

डीलरचं कामही असंच बांधलेलं. पत्ते टेबलावर पसरून कालवायचे, मग पिसायचे, थर काढायचे, पुन्हा पिसायचे, काटायचे. मधली पानं उघडण्याआधी दर वेळी वरचं एक पान बाजूला टाकायचं, म्हणजे पाठीवर काही खूण असली तरी उपयोग नाही. टेबलावरून उठताना दोन्ही तळवे उघडून दाखवायचे, की हातात काही नाही. पहिल्या महिन्यात मी घरी चहाचा कप ठेवल्यावरही तळवे उघडे करायचो. रूममेट हसायचा.

माझी चूक

आता त्या ९० लाखांकडे येऊ. ब्लाइंड वाढले की १०० ची चिप कुचकामी होते, नुसता ढीग वाढतो. म्हणून ब्रेकमध्ये लहान चिप्स काढून घ्यायच्या आणि त्यांच्या बदल्यात मोठ्या द्यायच्या. उरलेल्या सुट्ट्या चिप्ससाठी प्रत्येक चिपमागे एक पान वाटतात, मोठं पान येईल त्याला वरची चिप. यात थोडं इकडे-तिकडे होतं, ते प्रत्येक टेबलाच्या कागदावर लिहितात. दिवस संपला की उरलेला प्रत्येक खेळाडू आपल्या चिप्स मोजतो, चिठ्ठीवर लिहितो, सही करतो. आम्ही पुन्हा मोजतो आणि पारदर्शक पिशवीत सील करतो. मग सगळ्या चिठ्ठ्यांची बेरीज. सुट्ट्यांचा फरक धरून ती मूळ आकड्याला येऊन भिडली पाहिजे.

फ्लोअरवर माझं पहिलंच वर्ष होतं. अशाच एका स्पर्धेची पहिली रात्र, ४१ जण उरलेले. बेरीज आली ९० लाख ८ हजार. सुट्ट्यांचा फरक आधीच वळता केलेला.

रात्रीचे अडीच. सगळ्यांना घरी जायचंय. आठ हजार म्हणजे त्या वेळच्या खेळात एका ब्लाइंडएवढेही नव्हते. मी म्हटलंसुद्धा, "मॅडम, किरकोळ आहे." आमच्या मुख्य संचालिका मॅडमनी चष्मा काढला आणि एवढंच विचारलं, "आठच हजार का? सात का नाही?"

मग त्यांनीच कागदावर लिहिलं. पिवळी चिप १,००० ची. नारिंगी ५,००० ची. एकीच्या जागी दुसरी गेली तर फरक चार हजार. दोन गेल्या तर आठ हजार. म्हणजे कोणीतरी चिप्स बदलताना दोन पिवळ्यांच्या जागी दोन नारिंगी दिल्या. कागद काढले. कोणत्या टेबलावर कोणी बदली केली, सह्या होत्याच. कॅमेऱ्याचं चित्रण लावलं. अर्ध्या तासात सापडलं. टेबल नंबर अकरा, आणि त्यात दिसणारा हात माझा.

कॉमर्स शिकलेला मी. फरकाला नऊने भाग जातो का बघ, आकडे उलटे पडले असतील, हे आम्हाला कॉलेजात सांगितलेलं. तोच संस्कार इथे एका बाईंनी पत्त्यांच्या हॉलमध्ये वापरला आणि मी "किरकोळ" म्हणत होतो.

ज्या खेळाडूला त्या चिप्स गेल्या, तो संध्याकाळीच बाहेर पडला होता. म्हणजे त्या आठ हजार चिप्स आता कोणाकोणाकडे वाटल्या गेल्या, काढून घेणं शक्य नव्हतं. मला वाटलं, आता झाकतील. दुसऱ्या दिवशी खेळ सुरू होण्याआधी मॅडमनी माइक घेतला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, काल आमच्या माणसाच्या चुकीने आठ हजार चिप्स जास्त आल्या, एकूण आकडा आता इतका आहे. दोघा-तिघांनी कुरकुर केली. मग घड्याळ सुरू झालं. मला तीन महिने फ्लोअरवरून परत डीलरच्या खुर्चीत पाठवलं. वाईट वाटलं, पण खरं सांगतो, त्या दिवसापासून त्या कामाबद्दल मला आदर वाटायला लागला.

बक्षिसाच्या उंबरठ्यावर

तीनशे प्रवेशांत समजा ३६ जणांना बक्षीस. साधारण दहा ते पंधरा टक्के धरतात. म्हणजे ३७ वा रिकाम्या हाताने जाणार आणि ३६ वा भरलेल्या फीपेक्षा जास्त घेऊन जाणार. या जागेला बबल म्हणतात. बुडबुडा. सगळ्यात नाजूक वेळ हीच.

इथे काय होतं? कमी चिप्सवाला मुद्दाम वेळ काढतो. एकेका डावाला पाच-पाच मिनिटं विचार करतो, की तोवर दुसऱ्या टेबलावर कोणी तरी बाहेर पडेल. म्हणून आम्ही सगळी टेबलं जोडीने चालवतो. प्रत्येक टेबलावर एक डाव, तो संपला की थांबायचं. सगळीकडचा संपला की पुढचा. दोन टेबलांवर एकाच डावात दोघं बाहेर पडले, तर त्या जागांचं बक्षीस दोघांत वाटून. एकाच टेबलावरचे असतील, तर डाव सुरू होताना ज्याच्याकडे जास्त चिप्स होत्या तो वरच्या नंबरला. हॉलमध्ये अशी शांतता असते की एसीचा आवाज ऐकू येतो. मी करोडपती माणसाचे हात त्या वेळी थरथरताना पाहिलेत. रक्कम त्याच्यासाठी काहीच नसते. पण ३७ वा व्हायचं नसतं कोणाला.

मग शेवटचं टेबल, मग बक्षीस. दहा हजारांवरच्या बक्षिसावर ३० टक्के कर आधीच कापला जातो, पॅन कार्ड दाखवावं लागतं. फोटोत दिसणारा मोठा चेक आणि हातात येणारी रक्कम, यांत फरक असतो.

दहा हजार माणसं

आपण तीनशेचा हिशोब केला. आता जगातली सगळ्यात नावाजलेली स्पर्धा बघा, लास वेगासची वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर. १९७० मध्ये बेनी बिनियन नावाच्या कॅसिनोवाल्याने सुरू केली. मूठभर खेळाडू, आणि पहिला विजेता, जॉनी मॉस, त्यांनी मतदानाने ठरवला! मुख्य स्पर्धेची फी १९७२ पासून आजवर दहा हजार डॉलरच आहे. २००३ मध्ये ख्रिस मनीमेकर नावाचा एक साधा अकाउंटंट छोट्या ऑनलाइन पात्रता फेरीतून आला आणि ८३९ जणांत पहिला आला. २५ लाख डॉलर मिळाले. ते बघून जगभर लोंढा सुरू झाला. २००६ मध्ये ८,७७३ प्रवेश, २०२४ मध्ये १०,११२.

प्रत्येकाला ६०,००० च्या चिप्स. गुणून बघा. ६० कोटी ६७ लाख २० हजार. इतकी माणसं एका दिवशी बसूच शकत नाहीत, म्हणून पहिला दिवसच चार वेळा होतो, वेगवेगळ्या लोकांचा. मग उरलेले एकत्र येतात. दोन-दोन तासांचे टप्पे, जवळपास दोन आठवडे. पण पद्धत तीच. सोडतीची जागा, भिंतीवरचं घड्याळ, सील केलेली पिशवी, आणि शेवटी बेरीज.

मग फिक्स असतं का?

तर आर्वीच्या दादा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. लबाडी जगात सगळीकडे होते, खेळाडूही आपसांत संगनमत करायला बघतात, आणि ते पकडायलाच अर्धा फ्लोअर असतो. पण नीट चालवलेल्या स्पर्धेत आयोजकाला फिक्स करायची गरजच नसते. त्याचे सहा लाख पहिल्याच दिवशी आलेले असतात. कोणीही जिंको.

आणि नेमकी हीच गोष्ट नीट ऐका. तीनशेंपैकी ३६ घेऊन गेले, २६४ प्रवेश शून्यावर गेले. त्यातही हरल्यावर परत फी भरून बसता येतं, म्हणजे एकाच माणसाचे दोन-दोन, तीन-तीन प्रवेश त्या २६४ मध्ये असतात. व्यवस्था प्रामाणिक होती म्हणून त्यांचे पैसे परत येत नाहीत. चांगला खेळणारा वर्षभरात पुढे राहतो, हे खरं. पण मी सहा वर्षांत तेच ते शंभर-दीडशे चेहरे पाहिले, आणि त्यांतले फार थोडे पुढे होते.

आता मावसभावाचं. हिंगणघाट तालुक्यात शेती. २०२३ चा कापूस विकला आणि फोनवर पत्त्यांच्या ॲपमध्ये बसला. मला कळलं तोवर कापसाचे पैसे गेले होते आणि वर कर्ज. मी बोललो तर मलाच म्हणे, "तू तं त्यातच पगार घेत होता ना भाऊ. मंग मले काहून नाही म्हणून राहिला?"

त्याला द्यायला तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हतं. गप्प राहिलो. आज असं म्हणेन की बाबू, तुझं बरोबर आहे, मी पगार घेतला. पगार घेणारा हरत नाही, म्हणूनच मी खेळलो नाही. सहा वर्षांत एकदाही नाही. आणि तू जिथे बसला होता, तिथे तुला ना सोडत दिसत होती, ना समोरचा माणूस, ना त्याचे तळवे. रात्री बेरीज कोणी केली, तुला कोणी सांगितली? जहाजावर निदान एवढं होतं, की पैसे संपले तर बोटीत बसून धक्क्यावर यावं लागायचं, वारा लागायचा, डोकं जरा थंड व्हायचं. तू तर रात्री खाटेवर पडल्या-पडल्या परत पैसे टाकत होता.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. माझ्या ओळखीच्या काही जणांच्या नोकऱ्या त्यात गेल्या, त्याचं वाईट वाटतं. पण मावसभावाच्या फोनमधलं ते ॲप बंद पडलं, तेव्हा मावशीने देवापुढे दिवा लावला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

गावाकडे काय आणलं

मी परत आलो त्याला आता दोन वर्षं झाली. आमच्या भागातल्या एका मंडळाची रात्रीची कबड्डी स्पर्धा असते. एका वर्षी तिसऱ्या क्रमांकाचं बक्षीस जाहीर केलं आणि पैसे पुरले नाहीत. पोट्टे रात्री तीनपर्यंत मैदानात बसून राहिले. पुढच्या वर्षी लोक म्हणाले, आता तू बघ.

मी फार काही केलं नाही. बक्षिसाची सगळी रक्कम आधी जमा, मगच पत्रक छापायचं. चिठ्ठ्या सरपंचांच्या टेबलावर, सगळ्या संघांसमोर, एका लहान पोरीच्या हाताने काढायच्या. वेळेचं घड्याळ मोठं, सगळ्यांना दिसेल असं. आणि किती प्रवेश आले, किती पैसे जमले, कुठे गेले, याचा फळा मैदानाच्या दारात. पहिल्या रात्री बेरीज शंभर रुपयांनी चुकली. एक जण म्हणाला, "जाऊ दे ना बे, शंभरच तं आहे."

मी विचारलं, "शंभरच का? पन्नास का नाही?"

अर्ध्या तासाने सापडले. पावतीपुस्तकाची दोन पानं चिकटली होती. फळ्यावर दुरुस्त करून लिहिलं, खाली कारणही लिहिलं. शेजारच्या गावचे पाच संघ यंदा पहिल्यांदा आले.

आजच्यापुरतं एवढंच. कुठल्याही स्पर्धेत, भिशीत, मंडळात पैसे देण्याआधी विचारा, रात्रीची बेरीज कोण करतं आणि ती आम्हाला दिसते का. आणि दिसत असली तरी दुसरा प्रश्न स्वतःला विचारा, की हरणाऱ्यांच्या बाजूला मी असलो तर मला परवडेल का?

प्रश्न पाठवत राहा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.